थिबा राजाचं घर आणि टुटू

रत्नागिरीला दहा वेळा तरी गेलो असेन पण थिबा पॅलेस दरवेळी राहूनच जायचा, कारण आपलं तेच, गणपतीपुळे आणि आंबे. या वेळी परतीच्या गाडीला चार तास होते, म्हटलं चला एकदाचं उरकून टाकू.

आत गेल्यावर उरकायचं वगैरे विसरलोच. खालच्या मजल्यावर म्युझियम आहे ते ठीकठाक, पण खिडक्या! अर्धगोल, नक्षीदार, लाकडी. मी एकीपाशी बराच वेळ उभा होतो, कारण थिबाही असाच कुठेतरी उभा राहत असणार. दुसरं करायला होतं काय त्याला?

१८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला उचलून आधी मद्रासला, मग १८८६ मधे इथे आणून ठेवलं. सोबत राणी सुपयालत, तिची बहीण (तीही राणीच) आणि मुली, धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली. आता गंमत बघा, हा वाडा तयार झाला १९१० ला. तोपर्यंत चोवीस वर्षं बंगल्यांत काढली आणि १९१६ ला राजा गेला पण, म्हणजे इतक्या मोठ्या घरात राहायला मिळाली जेमतेम सहा वर्षं. राणीला त्याला मायदेशी न्यायचं होतं, ते नाहीच मिळालं, १९१९ मधे तिच्या मनाविरुद्ध इथेच दफन केलं आणि त्याच वर्षी बाकीच्यांना परत धाडलं.

पण मला राजापेक्षा थोरल्या राजकन्येची गोष्ट जास्त लागली. वाड्याच्या दारावरच्या गोपाळ सावंतांवर तिचा जीव जडला, मुलगी झाली, टुटू. गोपाळ आधीच लग्न झालेले, पोरंबाळं असलेले, त्यामुळे घरात केवढा भडका उडाला असेल! ब्रह्मदेशात गेल्यावरही बाई लेकीला घेऊन इकडेच परत आली, १९४७ ला इथेच गेली. टुटूने पुढे इथल्याच माणसाशी संसार केला, मराठी बोलायची, शेणी थापून, कागदाची फुलं करून पोट भरलं, राजाची सख्खी नात! २००० साली वारली.

स्टेशनला जाताना रिक्षावाल्याला विचारलं, थिबाबद्दल काय ऐकलंय? "राजाचा काय मला म्हाईत नाय," तो म्हणाला, "टुटूआजीला बघितलंय मी."