तापीकाठचा गळ

खानदेशाला समुद्र नाही. आठवडे बाजारात पोत्यावर पसरलेली सुकट आणि सुके बोंबील एवढाच आमच्याकडच्या बहुतेक घरांचा समुद्राशी संबंध. त्यामुळे नोकरीच्या गावी कोकणातले सहकारी मासेमारीच्या गप्पा मारू लागले की खानदेशी माणसाने भरताच्या वांग्यांविषयी बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असते. मात्र सातपुड्याच्या दक्षिणेला, शहादा तालुक्यात, सारंगखेडा आणि प्रकाशा यांच्या मधल्या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना गळ कुणी वेगळा शिकवावा लागला नाही. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे जाणारी आणि सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळणारी तापी आमच्या शेतांच्या बांधाखालूनच वाहत होती, आणि शाळा सुटल्यानंतर करण्यासारखे गावात दुसरे फारसे काही नव्हते.

सामान घरचेच असे. हिरव्या बांबूची काठी, शहाद्याच्या बाजारातून आणलेला तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, शिशाचा चपटा तुकडा आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाच्या देठाचे एक पेर. पावसाळ्यात न्हाणीच्या मागच्या ओल्या मातीत गांडुळे हवी तेवढी मिळत. एरवी कणीक चाले, पण नुसत्या कणकेचा गोळा पाण्यात लगेच विरतो. त्यावर आमच्या भागातला इलाज म्हणजे कणीक मळताना तिच्यात कापसाचे थोडे तंतू घालायचे. कापूस प्रत्येकाच्या घरी असायचाच. तंतूंनी गोळा गळाला धरून राहतो आणि माशाने दोनदा टोचले तरी सुटत नाही. मोरपीस नुसते थरथरले तर लहान मासा चाखतो आहे, ते सरळ खाली गेले तर मोठ्याने गिळले आहे आणि ते आडवे पडले तर माशाने आमिष खालून वर उचलले आहे, हे आम्हाला बाराखडीइतकेच पाठ होते. वाटेने जाणारा प्रत्येक जण मात्र हमखास विचारायचा, ‘काय लागनं रे भाऊ?’ त्याला उत्तर द्यायचे नाही, हा गळाचा पहिला नियम. आवाजाने मासा पळतो, असे आम्ही मानत असू. खरे तर पाण्याबाहेरच्या बोलण्यापेक्षा काठावर आपटलेला पाय माशाला फार लवकर कळतो, पण तो नियम गप्प बसण्यासाठी सोयीचा होता.

नदीत कुठे काय मिळेल, ते नदीचा तळ ठरवी. खडकाळ भागात, दगडांच्या कपारीत वाम असे. ती दिवसा दडते आणि अंधार पडल्यावर बाहेर येते, म्हणून तिच्यासाठी संध्याकाळी गळ लावावा लागे. सापासारख्या अंगाच्या आणि पाठीवर काट्यांची रांग असलेल्या या माशाला नुसत्या हाताने धरता येत नाही. चुलीतली राख पुडीत बांधून न्यायची, ती तळहाताला फासायची आणि मग धरायचे. डोहात शिंगाडा नावाचा मासा मिळे. त्याचा मिशीवाला चेहरा फसवा असतो. खरे शस्त्र पाठीच्या आणि बाजूच्या परांतले काटे, आणि ते लागले की हात रात्रभर ठणकतो.

सगळ्यांत मान मात्र मरळीचा. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळे ठरावीक वेळाने तिला वर यावेच लागते. काठावर स्थिर बसणाऱ्याला तिची जागा पाण्यावरच्या त्या एका गुबुक आवाजाने कळते. ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेली तरी ती बराच वेळ जिवंत राहते. पावसाळ्यात काठच्या गवताजवळ कधी कधी पाण्याचा एक लहानसा भाग तांबूस दिसे आणि तो तांबूसपणा हळूहळू सरकत असे. ती मरळीची पिल्ले असत, लाल तिखट सांडावे तशी पाण्यावर पसरलेली. सगळी एकदम वर येत, तोंडे उघडत आणि एकदम खाली जात. त्यांच्या खाली, गढूळ पाण्यात, त्यांची राखण करणारी जोडी फिरत असे. त्या वेळी पिल्लांसमोर पाण्यात काही टाकले की मरळ भूक नसतानाही अंगावर यावे तशी त्यावर झडप घाली. तिला पकडायची इतकी सोपी वेळ दुसरी नाही आणि म्हणूनच भोईवाड्यातली जाणती माणसे तिथे गळ टाकू देत नसत. ‘आई मारी की पुढल्या साली काय खाशीन?’ एवढेच ते म्हणत.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस. नदीला साडी-चोळी, खणानारळाची ओटी, असा तो सोहळा. त्याच सुमारास पहिले गढूळ पाणी येते आणि मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. गोमाईसारख्या सातपुड्यातून येणाऱ्या उपनद्यांच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यात, चढणीच्या माशांच्या पाठी उघड्या दिसत. ते अंडी घालायला निघालेले असतात, हे शाळेच्या पुस्तकातून कळण्याच्या आधी पोट फाडल्यावर कळत असे. खरे सांगायचे तर या माशांबाबतीत मरळीचा नियम गावात कुणालाच आठवत नसे.

घरी आणलेला मासा थेट स्वयंपाकघरात जात नसे. आमची गल्ली अर्ध्याहून अधिक शाकाहारी, घरात माळकरी आजी, म्हणून मागच्या अंगणात तीन दगडांची चूल आणि त्यासाठी राखून ठेवलेले एक काळे पातेले. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला यांचे वाटण, सोबत कळण्याची भाकरी. नारळाच्या दुधातले मासे मी पुढे खाल्ले, ते चांगलेच असतात, पण नदीच्या माशाचा मातकट वास झाकायला खानदेशी वाटणच हवे, असे माझे पक्के मत आहे.

पुढे सारंगखेडा आणि प्रकाशा येथे तापीवर बॅरेज, म्हणजे पाणी अडवणारे दरवाजांचे बंधारे, झाली. पूर्वी उन्हाळ्यात जिथे वाळू उघडी पडे आणि वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लागत, तिथे आता पावसाळ्यानंतरही पाणी उभे असते. शेतीला ते पाणी हवेच होते. त्याविषयी तक्रार करणारा मी कोण? पण उभ्या पाण्यातले मासे वेगळे असतात. पाण्याखाली गेलेल्या खडकांवर गाळ बसला आणि वाम दुर्मीळ झाली. भोईवाड्यात आता मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ येतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे मोरपीस किती उंचीवर बांधायचे, याचा हिशेब नव्याने शिकावा लागला. हे तिन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात ते आपोआप अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १९५७ साली १० जुलैला हिरालाल चौधुरी यांनी कटकला माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यातूनच मत्स्यजिरे (अंड्यांतून नुकती निघालेली पिल्ले) आणि बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्ले) तयार करण्याचे तंत्र देशभर गेले. आता बोटुकली प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, टेम्पोत बसून तलावावर येते. ज्या ऋतूत मासे स्वतः नदी चढून येत, त्याच ऋतूत ते आता रस्त्याने येतात.

चिलापीला मात्र टेम्पोची गरज नाही. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ साली आला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, उभ्या पाण्यात खुशाल वाढते आणि कणकेलाही लागते. सध्या काठावर बसणारी मुले ऑनलाइन मागवलेली रीळवाली दांडी घेऊन येतात आणि त्यांच्या पिशवीत बहुतेक चिलापीच असते. तिला बारीक काटे कमी, डाळीच्या पिठात घोळून तळली की मुले आवडीने खातात, माझीही खातात. भोईवाड्यातल्या म्हाताऱ्या मात्र ती टोपलीत घेऊन बाजारात बसतात, भाव करून विकतात आणि गिऱ्हाईक गेल्यावर तिला मासा म्हणायला साफ नकार देतात.