पहिलाच एकट्याचा प्रवास: स्वारगेट, कोल्हापूर, पन्हाळा आणि दोन मुक्काम

पुण्याहून पहिल्यांदा एकट्यानं बाहेर पडायचं असेल तर कोल्हापूर-पन्हाळ्यासारखा सोयीचा मार्ग नाही. अंतर सुमारे २३० किलोमीटर, एसटी दिवसभर, भाषेची अडचण नाही. शिवाय पन्हाळा हा नांदता किल्ला आहे. वर तालुक्याचं गाव, दुकानं, एसटी स्टँड, सगळं आहे. राजगडावर एकट्याचा पाय मुरगळला तर हाक ऐकायला कोणी असेलच असं नाही, इथे ती काळजी नाही.

सगळी आखणी एकाच गोष्टीवरून करायची: नव्या गावात उजेडी पोचायचं. तिकीट आणि लॉज त्यानंतर. पहाटे तीनला उतरवणारी स्वस्त गाडी धरली की रिक्षावाला म्हणेल ते भाडं आणि लॉजवाला म्हणेल तो दर. वाचवलेले दोनशे रुपये स्टँडबाहेरच संपतात.

या हिशेबात रेल्वे पहिल्या खेपेला मागे पडते. कोयना एक्स्प्रेस दुपारी पुणे सोडते आणि अंधार पडल्यावर कोल्हापूरला पोचते. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी पोचवते खरी, पण पुणे स्टेशनवर ती मध्यरात्रीनंतर येते आणि इथेच लोक तारखेत फसतात. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. शुक्रवारचं काढलं असेल तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. ऑनलाइन तिकीट शेवटपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते घेऊन आरक्षित डब्यात चढू नका.

म्हणून सकाळी सहा-साडेसहाची स्वारगेटची एसटी. साधारण पाच ते सहा तास धरा. साताऱ्यापुढे महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम अडवतं, तेव्हा तासभर जास्तीचा ठेवा, तरी जेवणाच्या वेळेपर्यंत पोचता. आरक्षण एसटीच्या ॲपवर आदल्या दिवशी करावं, शनिवार-रविवार असेल तर चार दिवस आधी. महिलांना एसटीत तिकीट निम्मं आहे (मार्च २०२३ पासून). महिलांसाठी राखीव जागा असतात, बुकिंग करताना त्या आधी बघा. स्वारगेटला अंधार असताना पोचत असाल तर उजेडात, माणसांत उभं राहा. फलाटावर लागलेल्या आणि आत कंडक्टर असलेल्या गाडीतच चढा. ‘ती गाडी तिकडे मागे उभी आहे, चला दाखवतो’ असं कोणी म्हणालं तर थेट चौकशी खिडकीकडे जायचं. त्या माणसाशी वाद घालत बसायचं नाही.

वाटेत गाडी चहा-नाश्त्याला थांबते आणि पहिल्या प्रवासातली हमखास फजिती तिथेच होते. एकाच रंगाच्या चार गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, त्यातल्या दोन सांगलीकडच्या असू शकतात. उतरताना नंबर प्लेटचा फोटो काढा, कंडक्टरचा चेहरा लक्षात ठेवा आणि ‘किती मिनिटं?’ हे त्याच्याच तोंडून ऐका. नंबरच्या पहिल्या भागावरून गाडी कुठल्या आगाराची ते कळत नाही. एसटीच्या पुष्कळ गाड्या दापोडीच्या कार्यशाळेत बांधल्या गेल्या आणि एमएच १४ चा नंबर घेऊन राज्यभर फिरतात. शेवटचे चार आकडे तेवढे कामाचे. पैसे, फोन आणि ओळखपत्राची छोटी पिशवी उतरताना अंगावरच हवी.

सामान एका सॅकमध्ये, पाच-सहा किलोच्या आत. दोन जोड कपडे, एक शाल, रोजची औषधं, दहा हजार एमएएचची पॉवर बँक, टॉर्च, छोटं कुलूप. भरलेली सॅक पाठीला लावून आदल्या रविवारी घर ते लक्ष्मी रोड आणि परत चालून या. खांदे दुखले तर अर्धं सामान आपोआप बाहेर निघतं.

पैशांचा अंदाज माणशी असा मांडा: साध्या एसटीचं जाऊन-येऊन साधारण आठशे, लॉजच्या दोन रात्रींचे दोन-अडीच हजार, खाणं दिवसाला चार-पाचशे, रिक्षा आणि पन्हाळ्याची बस यांना चारशे. वर हजाराची राखीव रक्कम, जिला हात लावायचा नाही. रोख तीन जागी विभागा: खिशात पाचशे, आतल्या कप्प्यात हजार, सॅकच्या तळाशी उरलेली रक्कम आणि दुसरं एटीएम कार्ड. यूपीआय सगळीकडे चालतं हे खरं, पण घाटात रेंज गेली किंवा फोनच हरवला की बँक, तिकीट, नकाशा, घरचे नंबर हे सगळं एकदम जातं. म्हणून तीन फोन नंबर, लॉजचा पत्ता आणि *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन ब्लॉक करताना तो लागतो. गूगल मॅप्सवर कोल्हापूरचा भाग घरीच डाउनलोड करून घ्या.

लॉज ॲपवर शोधा, पण ठरवण्याआधी फोन कराच. प्रश्न ठरलेले: एकट्याला खोली देता ना? चेकआउट बारा वाजताचं की चोवीस तासांचं? गरम पाणी किती ते किती? रात्री काउंटरवर माणूस असतो का? एकटी बाई किंवा एकटा पोरगा म्हटल्यावर काही ठिकाणी काउंटरवर पोचल्यावर नकार मिळतो, तो फोनवरच मिळालेला बरा. अंबाबाईच्या देवळाच्या परिसरात लॉज पुष्कळ आहेत आणि रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर वर्दळ असते. स्टँडजवळचे थोडे स्वस्त पडतात, पण आवाज फार.

खोली ताब्यात घेण्याआधी दार आतून लावून बघायचं. कडी नुसती बसली म्हणजे झालं असं नाही. ती लावून दार खांद्यानं ओढा-ढकला आणि चौकटीतले स्क्रू हलतात का ते पाहा. कडी नवी असते, पण जुन्या लाकडात स्क्रू भोकातच फिरत असतात. हललं तर खोली बदलून मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तळमजला नको, पहिला-दुसरा मजला चांगला. रजिस्टरमध्ये ‘कुठून आलात, कुठे जाणार’ लिहून घेतात, तो नियमाचाच भाग. मात्र मूळ आधार काउंटरवर ठेवून येऊ नका. शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार आधीच डाउनलोड करा, प्रतीवर तारीख आणि ‘लॉजसाठी’ असं लिहा.

घरच्यांशी करार करूनच निघा. दिवसाला चार मेसेज: गाडीत बसले, पोचले, खोलीत आले, झोपते. मेसेज ठरल्या वेळेच्या तासभर पुढे गेला तर त्यांनी आधी तुम्हाला, मग लॉजला फोन करायचा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आठ तास चालू ठेवता येतं, पण बॅटरी खातं. रिक्षात बसल्यावर किंवा सामसूम रस्त्यावर तेवढं चालू करा. पोलीस, रुग्णवाहिका दोन्हींसाठी ११२, महिलांसाठी १८१, रेल्वेत १३९.

पहिल्या दिवशी दुपारनंतर देऊळ, भवानी मंडप आणि शेजारची चप्पलओळ, संध्याकाळी रंकाळा किंवा गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. पोटाची सवय नसेल तर दूध आणि तांबडा रस्सा एकाच संध्याकाळी नको. एकट्यानं आजारी पडणं हाच या सहलीतला सगळ्यात शक्य असलेला धोका आहे. ओआरएसची दोन पाकिटं सॅकेत असू द्या.

दुसऱ्या दिवशी सॅक खोलीत ठेवून, पाणी, टॉर्च आणि शाल घेऊन पन्हाळा. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते, वीसेक किलोमीटर, पाऊण ते एक तास. वर उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे परतीच्या शेवटच्या तीन गाड्यांच्या वेळा वाहतूक नियंत्रकाला विचारून लिहून घेणं. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नये, तिच्या आधीची पकडायची. ती चुकली तर हाताशी एक उरते. अंबरखान्यातली धान्याची कोठारं, सज्जा कोठी, तीन दरवाजा आणि त्याला लागूनची अंधारबाव ही मजल्यांची विहीर रमतगमत चार-पाच तासांत होतात. अंधारबावेत खालच्या मजल्यावर पायऱ्या ओल्या आणि काळोख, टॉर्च तिथे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं दाटतं की दहा पावलांवरची तटबंदी दिसत नाही, अशा वेळी पुसाटी बुरुजाकडे एकट्यानं जाऊ नका. जुलै २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत गेल्यापासून रविवारी गर्दी आहे, मंगळवार-बुधवार निवांत.

परतीला कोल्हापूर दुपारी बाराच्या आत सोडा. संध्याकाळी सहा-सातला स्वारगेटला उतरलं की खाली भुयारी मेट्रो आहे, पिंपरीकडे थेट आणि कोथरूड किंवा रामवाडीकडे जिल्हा न्यायालय स्थानकावर बदलून. तारखा ठरवताना नवरात्र आणि किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ते दिवस (९ ते ११ नोव्हेंबर, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी) टाळा. तेव्हा देवळाजवळ खोली मिळणं अवघड आणि मिळालीच तर दर बजेटच्या बाहेर.