जुन्या गाडीला बायोडिझेल पाजताना

ही गाडी मी जुनी घेतली ती एकाच कारणासाठी: तिचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक आहे. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच नळीतून खूप दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नव्या इंजिनात मी बायोडिझेलचे प्रयोग करणार नाही, तिथले इंजेक्टर (इंधन फवारणाऱ्या तोट्या) फार नाजूक.

बायोडिझेल, म्हणजे वनस्पती तेलावर किंवा वापरलेल्या तळणीच्या तेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेलं इंधन, भरायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात गाडी चढावर दम टाकू लागली. इंजेक्टर गेले म्हणून मी हबकलो. निघालं भलतंच. बायोडिझेल चांगलं द्रावक असतं. आधीच्या मालकाच्या काळापासून टाकीत बसलेला गाळ त्याने सोडवला आणि तो सगळा फिल्टरमध्ये अडकला. दोन फिल्टर बदलले, तेव्हा कुठे ती मोकळी झाली. मग रबरी नळ्या पाझरू लागल्या, त्या विटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या खास रबराच्या) घातल्या. हे काम आधीच उरकायला हवं होतं.

तळणीचं तेल नुसतं गाळून टाकीत ओतू नका, कळकळीने सांगतो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर डिझेल इंजिन चाललं होतं, हे खरं. पण असं तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असतं. ७०-८० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय ते नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात.

थंडीत मी बायोडिझेल २० टक्क्यांवर आणतो, बाकी साधं डिझेल. गारठ्यात बायोडिझेल लवकर गोठतं.