पेनसिल्व्हेनियाचं परमिट, न्यू जर्सीचा पोलीस

डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत आलं की दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे गॅस (पेट्रोल) स्वतःच्या हाताने भरता येत नाही, आणि दुसरी म्हणजे गाडीतलं पिस्तूल, जे दहा मिनिटांपूर्वी एकदम कायदेशीर होतं, ते आता गुन्हा झालेलं असतं. पहिली सगळ्यांना माहिती असते.

आपल्या लोकांत बंदूक घेणारे वाढलेत हे शूटिंग रेंजवर गेलं की दिसतंच, आणि टेक्सास, नॉर्थ कॅरोलिना, पेनसिल्व्हेनिया अशा ठिकाणांहून नोकरी बदलून इकडे येणारेही भरपूर आहेत. त्यांच्या डोक्यात असतं की अमेरिकेत सेकंड अमेंडमेंट (बंदूक बाळगण्याचा घटनेतला हक्क) आहे, माझ्याकडे कॅरी परमिट (बंदूक जवळ घेऊन फिरायचा परवाना) आहे, बॅकग्राउंड चेक झालाय, मग प्रॉब्लेम काय. अहो, आपल्याकडे भारतातसुद्धा लायसन्सवर लिहिलेलं असतं की ते राज्यापुरतं आहे की ऑल इंडिया. इथे तर न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं कॅरी परमिट मानत नाही. एकाही राज्याचं नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन निकाल आला आणि "तुम्हाला खास गरज काय ते सिद्ध करा" ही अट गेली, त्यामुळे इथलं स्वतःचं परमिट मिळणं सोपं झालं हे खरं, पण त्याने बाहेरचं परमिट चालायला लागलं असं बरेच जण समजतात, तसं काही झालेलं नाही.

आणि शिक्षा बघा. परमिटशिवाय हँडगन म्हणजे सेकंड डिग्री (गंभीरतेत वरून दुसऱ्या पायरीचा) क्राइम, ५ ते १० वर्षं. वर ग्रेव्हज अॅक्ट. पॅटरसनच्या एका सिनेटरच्या नावावरून पडलेलं हे नाव, कायदा १९८१ चा, मूळ रोख बंदूक घेऊन गुन्हे करणाऱ्यांवर होता, पण २००८ पासून नुसती बेकायदा बाळगणंही त्यात आलं. त्यामुळे शिक्षा झाली तर किमान ४२ महिने पॅरोल नाही. म्हणजे साडेतीन वर्षं आत, कुणाला इजा केली नसली, बंदूक बाहेर काढलीही नसली तरी.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुणी, लहान मुलांची एकटी आई, अटलांटिक काउंटीत लेन बदलण्यावरून थांबवली गेली. तिने आपणहून पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हे माझं पेनसिल्व्हेनियाचं परमिट. प्रामाणिकपणा म्हणून सांगितलं, आणि तिथेच अटक! प्रॉसिक्युटरने (सरकारी वकिलाने) तिला पीटीआय, म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शन (खटल्याऐवजी देखरेखीचा प्रोग्रॅम), द्यायला आधी नकार दिला. त्याच काउंटीत त्याच सुमारास फुटबॉलपटू रे राइसला कसिनोच्या लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला बेशुद्ध होईपर्यंत मारल्याच्या केसमध्ये पीटीआय मिळाला होता. यावर इतकी बोंबाबोंब झाली की सप्टेंबर २०१४ मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरल ऑफिसला बाहेरच्या राज्यातून आलेल्या, स्वतःच्या राज्यात कायदेशीर बंदूक असलेल्या लोकांबद्दल प्रॉसिक्युटर्सना वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागलं. मग तिला पीटीआय मिळाला, आणि २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी माफीही दिली.

मी वकील नाही, पण या सगळ्या केसेस वाचून माझं मत असं झालंय की न्यू जर्सीत "माझा हेतू वाईट नव्हता" हा बचाव जवळपास नाहीच. बचाव असतो तो अपवादाच्या कलमात, झडतीत आणि शेवटी प्रॉसिक्युटरच्या मर्जीत.

अपवाद म्हणजे घरी, स्वतःच्या धंद्याच्या जागी, रेंजवर जाता-येता, घर बदलताना वगैरे बंदूक नेता येते, पण अनलोडेड, आणि बंद केलेल्या केसमध्ये किंवा डिकीत लॉक करून. रस्त्यात वळण घेतलंच तर ते गरजेपुरतं. म्हणजे रेंजवरून येताना मित्राकडे दोन तास गप्पा मारत बसलात तर तुम्ही अपवादात आहात की नाही यावर भांडण होऊ शकतं. कोलोरॅडोहून इकडे राहायला आलेल्या एका माणसाच्या डिकीत अनलोडेड बंदुका सापडल्या, त्याचं म्हणणं होतं मी घर बदलतोय, आणि ज्यूरीने खोलीतून विचारणा करूनही जजने घर बदलण्याचा अपवाद त्यांना सांगितलाच नाही. ७ वर्षं शिक्षा झाली, डिसेंबर २०१० मध्ये गव्हर्नरने ती कमी करून त्याला बाहेर काढलं. म्हणून पॅकर्स-मूव्हर्सची पावती, लीजचा कागद, रेंजची रिसीट असल्या फालतू वाटणाऱ्या गोष्टी वकिलाच्या दृष्टीने सोनं असतात.

यावर लगेच कुणीतरी १९८६ चा फेडरल कायदा सांगतो, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना मधल्या राज्यात संरक्षण आहे. आहे, पण बंदूक हाताला लागेल अशी नसावी. २००५ मध्ये युटाचा एक प्रवासी नेवार्कला कनेक्शन चुकल्याने बॅग घेऊन रात्री हॉटेलात राहिला, सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे बंदूक डिक्लेअर केली आणि पकडला गेला. पुढे केस मागे घेतली गेली, मग त्यानेच दावा लावला, तर २०१० मध्ये फेडरल अपील कोर्ट म्हणालं की हॉटेलच्या खोलीत बंदूक तुझ्या हाताशी होती, सबब संरक्षण नाही. घ्या.

झडतीचा मुद्दा जास्त कामाचा आहे. इथे राज्याची घटना फेडरलपेक्षा थोडी जास्त संरक्षण देते. पोलिसाने नुसतं "डिकी बघू का" विचारायलाही त्याच्याकडे काहीतरी ठोस संशय असावा लागतो, हा २००२ चा कार्टी निकाल. वॉरंटशिवाय गाडी तपासायची तर कारण अचानक, तिथल्या तिथे निर्माण झालेलं हवं, हा २०१५ चा विट निकाल. आणि २०२१ पासून नुसत्या गांजाच्या वासावरून झडती घेता येत नाही. बंदूक कोर्टात पुरावा म्हणून आलीच नाही तर केसमध्ये उरतं काय! पण आपली सवय अशी की पोलिसाने विचारलं की आपण "शुअर ऑफिसर" म्हणून स्वतःच बटण दाबून डिकी उघडतो. नाही म्हणता येतं, नम्रपणे, हात स्टीअरिंगवर ठेवून.

कारपूलवाल्यांसाठी एक गोष्ट. गाडीत बंदूक सापडली तर कायदा गृहीत धरतो की ती गाडीतल्या सगळ्यांच्या ताब्यात होती. ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डिकीत नजरेआड असेल तर गृहीतक गाडीतल्या मालकाकडे किंवा ती चालवायचा अधिकार असलेल्याकडे जातं, एखाद्याच्या अंगावर सापडली तर त्याच्याकडे. सीटखालच्या बंदुकीसाठी मागे झोपलेला रूममेटही आरोपी होऊ शकतो. हे गृहीतक वकील मोडू शकतात, पण तोवर वर्ष जातं.

आणि तोंड बंद ठेवा. "सेल्फ डिफेन्ससाठी ठेवली होती" हे वाक्य आपल्याला सफाई वाटते, कायद्याला ती कबुली वाटते. १९९० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात एका बाईची केस होती, मारहाण करणाऱ्या जुन्या जोडीदाराच्या भीतीने ती कार्पेट कापायचं पातं जवळ बाळगत होती. कोर्टाने सांगितलं, पुढे कधी हल्ला होईल म्हणून आधीच हत्यार घेऊन फिरणं हा बचाव नाही.

आता आपल्यातल्या ग्रीनकार्डवाल्यांचा भाग, जो इथल्या जन्मजात अमेरिकन वकिलालाही कधीकधी सुचत नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात, मग तो राज्याच्या कायद्याखाली का असेना, कन्व्हिक्शन झालं (दोषी ठरलात) तर ग्रीनकार्ड असूनही डिपोर्टेशनचं कारण तयार होतं. २०१० च्या पडिला निकालाप्रमाणे गिल्टी प्ली (गुन्ह्याची कबुली) देण्याआधी हा धोका सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. तर पीटीआय मिळाला की सगळे पेढे वाटतात, कारण प्रोग्रॅम पुरा केला की केस डिसमिस. पण २०१५ च्या दुरुस्तीनंतर सेकंड डिग्रीच्या चार्जवर पीटीआय हवा असेल तर आधी गिल्टी प्ली द्यावी लागते. राज्याच्या हिशोबात ती पुढे पुसली जाते, इमिग्रेशनच्या हिशोबात गुन्ह्याची कबुली अधिक कोर्टाने घातलेलं कुठलंही बंधन म्हणजे कन्व्हिक्शन, नंतर डिसमिस झालं तरी. आणि गव्हर्नरची माफी? काही प्रकारच्या गुन्ह्यांत ती डिपोर्टेशनपासून वाचवते, बंदुकीचा प्रकार त्या यादीत नाही. म्हणजे त्या फिलाडेल्फियाच्या मुलीला जे वाचवू शकलं तेच आपल्यातल्या एखाद्याला विमानात बसवू शकतं. म्हणून क्रिमिनल वकिलासोबत इमिग्रेशन वकील पहिल्या आठवड्यातच हवा, आणि विचारायचं हे की प्ली देण्याआधी चार्ज खालच्या डिग्रीचा करून घेता येतो का. एच-वनवाल्यांना तर फेडरल कायद्यानेच बंदूक बाळगता येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून, त्यामुळे मित्राची बंदूक "दोन दिवस ठेव रे" म्हणून घरी ठेवणं बंद करा.

जामिनाबद्दल लोक घाबरून पैसे गोळा करायला लागतात. २०१७ पासून इथे रोख जामीन जवळजवळ संपलाय, जज धोका बघून अटींवर सोडतो, पण प्रॉसिक्युटर डिटेन्शनचा (खटल्यापर्यंत आतच ठेवण्याचा) अर्ज करू शकतो, तर पैसा वकिलासाठी ठेवा.

बंदूक नसलेल्यांनीही एवढं वाचा. छर्‍याची एअरगन इथे फायरआर्मच्या व्याख्येत बसते, तिलाही कागद लागतात. एका रिटायर्ड शिक्षकाला ग्लोव्ह बॉक्समधल्या अठराव्या शतकातल्या, चकमकीच्या दगडाने उडणाऱ्या (फ्लिंटलॉक) पिस्तुलासाठी अटक झाली होती, २०१५ मध्ये चार्ज मागे घेतला. आणि शिवजयंतीची मिरवणूक झाल्यावर तलवार, दांडपट्टा महिनाभर डिकीत तसाच पडून असतो ना, तर इतर हत्यारांचं कलम असं विचारतं की ज्या परिस्थितीत ते तुमच्याकडे होतं ती उघडपणे कायदेशीर कामाला साजेशी होती का. मिरवणुकीच्या दिवशी मंडळाच्या पत्रकासकट असेल तर उत्तर सोपं आहे. मार्चमध्ये, रात्री साडेअकराला, टर्नपाइकवर, मागच्या सीटवर नुसतीच तलवार असेल तर पथकाच्या अध्यक्षांना झोपेतून उठवून साक्षीला न्यावं लागेल.