खांबांमधलं इपॉक्सी: १-३ कॉम्पोझिट नेमकं कुठे फसतं

परदेशातल्या ट्रान्सड्यूसर (विजेचं ध्वनीत आणि ध्वनीचं विजेत रूपांतर करणारा, सोनोग्राफीत वापरतात तसा घटक) लॅबमध्ये यायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: पीझेडटी सिरॅमिक (व्होल्टेज दिलं की कंप पावणारा पदार्थ) इतकं चांगलं काम करतं, तर ते कापून, खांबांमध्ये इपॉक्सी (घट्ट होणारं पॉलिमर) भरून १-३ कॉम्पोझिट करण्याचा खटाटोप कशासाठी?

पीझेडटीचा अकूस्टिक इम्पीडन्स, म्हणजे ध्वनीला होणारा विरोध, साधारण ३३ मेगारेल (त्याचं एकक), शरीरातल्या मऊ ऊतींचा १.५. एवढी तफावत असली की सीमेवरूनच ८३ टक्के ऊर्जा माघारी फिरते. कॉम्पोझिट करून इम्पीडन्स १५ वर आणला, तर १७ ऐवजी ३३ टक्के ऊर्जा पलीकडे जाते. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. अखंड चकती जाडीच्या दिशेने ताणली जाताना आडवी आखडू पाहते, पण आजूबाजूचं सिरॅमिक तिला आखडू देत नाही. सुटा उभा खांब मऊ इपॉक्सीत मोकळा असतो. म्हणून जाडीच्या दिशेचा कपलिंग गुणांक (विजेचं कंपनात किती चांगलं रूपांतर होतं त्याचं माप) ०.५ वरून ०.६ च्या पुढे जातो. १-३ हे नाव संशोधक न्यूनहॅम आणि सहकाऱ्यांच्या १९७८ मधल्या वर्गीकरणातलं: सिरॅमिक एकाच दिशेला सलग, पॉलिमर तिन्ही दिशांना.

५ मेगाहर्ट्झचा नमुना घेऊ. कॉम्पोझिटमध्ये ध्वनीचा वेग सुमारे ३८०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची जाडी ०.३८ मिलिमीटर. खांब ७५ मायक्रॉनचे, खाच २५ मायक्रॉनची, मिळून १०० चं अंतर. सिरॅमिकचा वाटा ५६ टक्के. हे अंतर मनाला येईल तसं वाढवू नका. इपॉक्सीतली शिअर लाट (कण आडवे हलवत जाणारी लाट) सुमारे ११०० मीटर प्रति सेकंदाने जाते, म्हणून १०० मायक्रॉनला आडवं कंपन ११ मेगाहर्ट्झवर येतं आणि कामाच्या पट्ट्यापासून लांब राहतं. अंतर २०० केलं की ते साडेपाचवर येऊन मुख्य कंपनात मिसळतं.

कापायला १ मिलिमीटर जाडीची बारीक कणांची पीझेडटी-५एच (पीझेडटीचा एक प्रकार) चकती मेणाने काचेवर चिकटवा. खाच ०.४५ मिलिमीटरच खोल ठेवा, खालचा तळ अखंड राहू द्या. कण जाड असले तर कडांवरून निखळतात आणि खांब उंदराने कुरतडल्यासारखे दिसतात. दोन्ही दिशा एकदम कापायचा मोह होतो, तो टाळा. एका दिशेने कापा, भरा, घट्ट होऊ द्या, मग आडवं कापा आणि पुन्हा भरा. वेळ दुप्पट जातो, पण दुसऱ्या कापाला खांब एकटे उभे नसतात, त्यामुळे पातं थोडं थरथरलं तरी रांगच्या रांग आडवी होत नाही.

भरणं हा या कामाचा जीव. एपो-टेक ३०१-२ हे दोन भागांचं इपॉक्सी वजनाने १०० ला ३५ या प्रमाणात मिसळा, खाचांत ओतण्याआधी व्हॅक्यूममध्ये हवा काढा, ओतल्यावर पुन्हा काढा. ओतताना एकाच कडेवर ओता आणि इपॉक्सीला खाचांतून आपोआप पुढे सरकू द्या; वरून सगळीकडे ओतलं की हवा तळाशी कोंडते. ८० अंशांवर ते ३ तासांत घट्ट होतं, तरी मी खोलीच्या तापमानाला दोन दिवस ठेवावं या मताची आहे. गरम करून घाईने घट्ट केलेली चकती पुढे तळ घासून काढला की वाटीसारखी वाकते.

लॅपिंगने (सपाट तबकडीवर घासून) तळ काढून झाला की चकती सूक्ष्मदर्शकाखाली खालून प्रकाश देऊन पाहा. सिरॅमिक काळं आणि इपॉक्सीची जाळी उजळ दिसते. त्या उजळ रेषेत काळ्या कडेचं गोल वर्तुळ दिसलं, तर तो बुडबुडा. बुडबुडे थोडेच दिसले तरी चकती बाजूला ठेवा, कारण पोलिंगच्या (जास्त व्होल्टेज देऊन सिरॅमिकला ध्रुवीय करण्याच्या) वेळी ठिणगी तिथूनच पडते.

लॅपिंगमध्ये आणखी एक त्रास आहे. मऊ इपॉक्सी सिरॅमिकपेक्षा लवकर झिजतं आणि खांबांच्या कडेला पायरी पडते. विजेच्या संपर्कासाठी दिलेला क्रोम-सोन्याचा पातळ थर त्या पायरीवर तुटतो, काही खांबांचा संपर्क जातो आणि कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) हिशेबापेक्षा कमी येतो. शेवटी ३ मायक्रॉनचं अ‍ॅल्युमिना, कमी दाब आणि कडक सपाट तबकडी वापरली की पायरी आटोक्यात राहते.

पोलिंग सिलिकॉन तेलात, सुमारे ६० अंशांवर, मिलिमीटरला २ किलोव्होल्ट या हिशेबाने, म्हणजे या चकतीला ७६० व्होल्ट. दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि व्होल्टेज चालू असतानाच थंड करा. मग इम्पीडन्स अ‍ॅनलायझरवर (विजेला होणारा विरोध वारंवारतेनुसार मोजणाऱ्या यंत्रावर) रेझोनन्स, म्हणजे विरोध सर्वांत कमी, ४.१ वर आणि अँटीरेझोनन्स, म्हणजे सर्वांत जास्त, ५.० मेगाहर्ट्झवर आला, तर कपलिंग ०.६१ निघतो; चकती चांगली. या दोन वारंवारता जवळ सरकल्या असतील, तर पोलिंग अपुरं झालंय.

तारा जोडायला सोल्डरिंग आयर्न लावू नका. त्या उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतं आणि खालचे खांब डीपोल होतात, म्हणजे पोलिंगचा परिणाम जातो. चांदीमिश्रित इपॉक्सीचा एक थेंब पुरतो.