शहापुराहून बेळगावास

आमची आत्या शहापुरात राहते. शहापूर आता काही वेगळं गाव राहिलेलं नाही. कपिलेश्वरचा उड्डाणपूल चढून उतरलं की बेळगाव. तरीही गणपत गल्लीत भाजीला निघाली की ती शेजारणीला सांगते, "बेळगावास जाऊन येतो गं." (आमच्याकडं बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. पुण्याच्या भाचरांना याचं फार हसू येतं, येऊ दे.)

हे वळण तिच्या सासूकडून आलेलं. सासूच्या लहानपणी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांचं. बाजाराला जायचं म्हणजे दुसऱ्याच्या मुलखात जायचं. सीमेचा विषय निघाला की आमच्या भागात सगळे १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून सुरुवात करतात. आत्याच्या घरातली सीमा त्याच्याही आधीची, भाजीच्या पिशवीसकट ये-जा करणारी.

मी निपाणीचा. बेळगावला किती वेळा गेलो असेन त्याला गणती नाही. कोर्टाची तारीख, दवाखाना, लग्नाचा बस्ता, कुणाला तरी गाडीत बसवून देणं. दर वेळी एसटी काकती ओलांडून शहरात शिरायची (कित्तूरची राणी चन्नम्मा या काकतीची लेक) आणि स्टँडाजवळ आली की किल्ल्याचा तट आणि खंदक दिसायचा. खिडकीतून तो इतक्या वेळा पाहिला की आत काय आहे हा प्रश्नच कधी पडला नाही. या दिवाळीनंतर मात्र चार दिवस मोकळे मिळाले, तेव्हा आत्याला म्हटलं, चल, किल्ला बघू.

"किल्ला बघितलाय की रे मी."

"कुठपर्यंत?"

"दुर्गादेवीच्या देवळापर्यंत."

म्हणजे दारापर्यंत. चौऱ्याहत्तर वर्षांत ती त्या दाराच्या पुढं गेली नव्हती. मी तरी कुठं गेलो होतो!

आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो हा, की इथं भग्न बुरूज आणि गाईड असलं काही नाही. लष्कराचा भाग, झाडं, बंगले, साफ झाडलेला रस्ता. एवढ्या शांततेत कमल बस्ती उभी आहे. १२०४ साली रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं हे जैन मंदिर बांधलं. रट्ट मूळचे सौंदत्तीचे. पुढं त्यांनी राजधानी इथं वेणुग्रामाला आणली. वेणुग्राम म्हणजे वेळूंचं, बांबूंचं गाव. बेळगाव या नावाचं मूळ तेच. मंदिराच्या दानाचे शिलालेख मात्र इथं नाहीत, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत या मंदिराचं नाव 'रट्ट जिनालय' असं आहे. लोकांनी ते नाव सोडून दिलं आणि छतातल्या कमळावरून कमल बस्ती म्हणायला लागले. लोकांचं बरोबर होतं, हे आत गेल्यावर कळलं.

मुखमंडपाचे खांब काळ्या दगडाचे, चरकावर धरून फिरवल्यासारखे गुळगुळीत. हात लावला तर थंड आणि किंचित तेलकट. वर मधोमध ते कमळ. छतावर कोरलेलं म्हटलं तर चित्र चुकीचं उभं राहील. ते वरून खाली टांगल्यासारखं उतरतं, पाकळ्यांच्या ओळीखाली ओळ, आणि मधला भाग आपल्या डोक्याच्या दिशेनं येतो. बहात्तर पाकळ्या, भूत-वर्तमान-भविष्यातले चोवीस-चोवीस तीर्थंकर, असं तिथं सांगतात. मी मोजायला गेलो आणि तिसऱ्या ओळीत हरवलो.

आत्याची वेगळीच अडचण. मानेचं दुखणं असल्यानं तिला वर बघता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, मग कठड्यावर टेकली. मला वाटलं, झालं, आता हिचं 'चल घरला' सुरू होणार. तर तिनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली. जुनी, झाकणाला आतून रुपयाएवढा आरसा असलेली. ती उघडून तळहातावर आडवी धरली आणि आरशात बघत बसली. एकेक पाकळी आरशात येत होती, हात जरा हलवला की दुसरी. विहिरीत वाकून बघावं तशी ती कमळ बघत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी सगळं कमळ एकदम बघितलं आणि विसरलो. तिला मात्र कुठल्या पाकळीचा टवका उडालाय तेही सांगता येत होतं.

आत गाभाऱ्यात नेमिनाथ. बाजूला चिक्की बस्ती, ही बरीच पडझड झालेली. तिच्या दर्शनी भागावर नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांची एक रांग अजून टिकून आहे. आत्याच्या मते त्यातला एक जण ताल चुकतोय.

साफा मशीद याच किल्ल्यात आहे. आदिलशाहीतल्या असद खानाची. आम्ही गेलो तेव्हा आत जाता आलं नाही, त्याची चुटपुट लागून राहिली, कारण मला जे दाखवायचं होतं ते आतच होतं. या मशिदीच्या दोन खांबांवर जुने लेख आहेत. एक ११९९चा, रट्टांचा. दुसरा १२६१चा, देवगिरीच्या यादवांपैकी कृष्ण राजाचा. आणि गंमत अशी की भाषा कानडी, लिपी नागरी.

हे मी आत्याला रस्त्यावर उभ्या उभ्या सांगितलं. आता आत्याचं असं आहे, बाजारात ती फर्डं कानडी बोलते. कोथिंबिरीचा भाव ती कानडीतच पाडते, मराठीत तेवढा पडत नाही म्हणे. पण कानडी अक्षर एक ओळखीचं नाही. बसची पाटी तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. मी म्हटलं, "आत्या, कानडी बोलायचं आणि नागरी वाचायचं. तो खांब तुझ्यासाठीच लिहून ठेवलाय बघ."

"मग बसच्या पाटीवाल्यांना सांग की जाऊन," ती म्हणाली.

किल्ल्यातल्या रामकृष्ण आश्रमात थोडं टेकलो. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, ते आधी वकील भाटे यांच्याकडं उतरले आणि मग इथं किल्ल्यात हरिपद मित्र या बंगाली फॉरेस्ट ऑफिसरच्या बंगल्यात. शिकागो अजून वर्षभर लांब होतं, त्यांना ओळखणारे थोडेच.

दुपारी टिळकवाडी. १९१६च्या एप्रिलमध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावातच स्थापन झाली. आणि २६-२७ डिसेंबर १९२४ला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. लहानग्या गंगूबाई हनगल त्यात गायल्या होत्या. अधिवेशनाला आलेल्या लोकांसाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे, शेजारी वीरसौध हे अधिवेशनाचं स्मारक. जागा चांगली राखलीय, पण खरं सांगायचं तर बघण्यापेक्षा आठवण्याचीच जागा ती. दहा मिनिटांत निघालो. परतताना कपिलेश्वराला हात जोडले. बेळगावकर त्याला दक्षिण काशी म्हणतात. घरी नेण्यासाठी कुंदा, इथली दुधाची मिठाई, घेतला. गरम कुंद्याला खरपूस करपट दुधाचा वास येतो, तो डबा बंद केला की जातो. म्हणून पाव किलो तिथंच संपवला.

तिसऱ्या दिवशी हलशी. वेळ असेल आणि बेळगाव परिसरात एकच ठिकाण बघायचं असेल तर मी हलशी सांगेन. खानापूर, मग नंदगड. नंदगडला गाडी थांबवली. २६ जानेवारी १८३१ला राणी चन्नम्माच्या संगोळ्ळी रायण्णा या सरदाराला इंग्रजांनी इथं फाशी दिलं. शिवारात भाताची कापणी चाललेली, रस्त्याच्या कडेला पेंढ्या.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका. बनवासीच्या कदंबांचं हे महत्त्वाचं ठाणं. त्यांचे पाचव्या शतकातले ताम्रपट इथं सापडले, ते जैनांना दिलेल्या दानांचे. पुढं गोव्याच्या कदंबांनी बाराव्या शतकात भूवराह नरसिंहाचं मंदिर उभं केलं. देवळाला समोरासमोर दोन गाभारे. एका देवाला नमस्कार करायला वाकलं की दुसऱ्याकडं पाठ होते. आत्यानं हे लगेच हेरलं आणि मंडपात मधोमध आडवी उभी राहिली, म्हणजे दोघांनाही खांदाच दिसावा. वराहाची मूर्ती एवढ्या आडगावात अपेक्षा नसते तशी, भारदस्त, भूदेवीला उचलून धरलेली. आत उजेड कमी. डोळे सरावायला वेळ लागतो, घाई केली तर नुसता काळा दगड दिसेल.

आमच्या मागून हुबळीचं एक कुटुंब आलं. पुजारी आमच्याशी मराठीत, त्यांच्याशी कानडीत. मध्येच फोन वाजला तर कोंकणीत. तिन्ही वेळा एकच सांगत होते, अभिषेकाचा नारळ आधी फोडून ठेवू नका.

कित्तूर आणि देगावचं कमलनारायणाचं देऊळ राहून गेलं. आत्याच्या गुडघ्यांनी हात टेकले. येताना खानापुरात तिनं दह्यासाठी मडकं घेतलं. चार मडकी बोटानं वाजवून पाचवं पसंत केलं, भाव केला कानडीत. दुकानदार मराठीच निघाला, पण तोही मुकाट्यानं कानडीतच बोलत राहिला.

मडकं सगळी वाट मांडीवर. काळोख पडता पडता टिळकवाडी मागं टाकून शहापुराकडं वळलो, तशी तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "आता हळू घे रे बाबा. बेळगाव संपलं, हितनं पुढं आमच्या गावचे खड्डे."