हाप्पो तळ्यावरची सहा मिनिटं

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याच्या सहा हौशी फोटोग्राफरांना घेऊन मी जपानच्या उत्तर आल्प्समध्ये होतो, हाकुबाला. कामाचं ठिकाण म्हणजे हाप्पो-इके. 'इके' म्हणजे तळं. उंची २०६० मीटर, आणि वारा नसेल तर शिरोउमा (२९३२), शाकुशी (२८१२) आणि हाकुबायारी (२९०३) ही तिन्ही शिखरं त्यात उलटी दिसतात.

खालून गोंडोला आणि दोन लिफ्टनी १८३० मीटरपर्यंत येता येतं. म्हणून लोकांना वाटतं, काम सोपं आहे. पण सकाळचा पहिला गोंडोला सुटेपर्यंत प्रकाश संपलेला असतो, आणि थोड्या वेळात दरीतून ढग चढायला लागतात. म्हणून वरच्या निवासातच मुक्काम करायचा आणि अंधारात डोक्याला दिवा लावून निघायचं. चाल सव्वा तासाची, आणि वाटेत शौचालय एकच.

त्या रात्री जेवणानंतर काका माझ्याकडे आले. सहा जणांत सगळ्यात मोठे, बँकेतून निवृत्त, उजवा गुडघा दुखरा. "मी दोनला निघू का रे? मला दोन तास लागतील." मी नाही म्हणालो. खोलीत चार अनोळखी जपानी झोपलेले, नऊला दिवे मालवलेले. एका भारतीय ग्रुपने मध्यरात्री खडखडाट केला की पुढच्या सगळ्यांना ऐकून घ्यावं लागतं. "मी मोज्यांवर बाहेर पडेन, बूट हातात घेऊन," काका म्हणाले. मी म्हणालो, सगळे सव्वातीनलाच.

वाट सर्पेंटाइन खडकाची, हिरवट काळी, आणि दवानं साबणासारखी. या खडकाची माती झाडांना मानवत नाही, त्यामुळे इथे क्रम उलटा: खाली उघडं माळरान आणि अल्पाइन फुलं, तळ्याच्या वर गेलात की भूर्जांचं रान. काका पहिल्या चढालाच मागे पडले. आमच्याबरोबर एक स्थानिक वाटाड्या बाई होत्या, त्यांना काकांसोबत ठेवलं आणि मी पाच जणांना घेऊन पुढे निघालो.

साडेचारला तळ्यावर. पाणी असं की दगड आणि त्याचं प्रतिबिंब वेगळं कळेना. दोघांनी लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावलेलेच होते. ते आधी काढायला लावले, कारण तो चकाकी मारतो आणि प्रतिबिंब ही चकाकीच असते. (हे वर्गात तीनदा सांगितलंय.) मग ट्रायपॉड घोट्याएवढे खाली. ग्रॅड फिल्टर, म्हणजे आकाश दाबायला वरच्या अर्ध्यात काळपट असलेली काच, मी वापरू देत नाही: प्रतिबिंब आकाशापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतकं, काळं असतं, फिल्टरची कड नेमकी डोंगराच्या पोटावर येते आणि बर्फ मळका दिसतो. त्याऐवजी कमी-जास्त उजेडाची तीन एक्स्पोजर घ्यायची, घरी जुळवायची. पावणेपाचच्या सुमारास शिरोउमाचा माथा लाल झाला. जपानी गिर्यारोहक त्या लालीला जर्मन शब्द वापरतात, मोर्गेनरोट. ती सहा मिनिटं टिकली. त्यात एक जण पाठमोरा होऊन सेल्फी घेत होता, त्याबद्दल काय बोलणार.

शिरोउमा नावात आधी पांढरा घोडा नव्हताच. 'शिरो' म्हणजे भातखाचराची चिखलणी. वसंतात बर्फ वितळताना कड्यावर काळ्या घोड्याचा आकार दिसला की खाली शेतकरी चिखलणीला लागत. पुढे लिहिताना अक्षरं बदलली आणि घोडा पांढरा झाला. हे काकांनीच वाचून आम्हाला बसमध्ये सांगितलं होतं.

काका पाच वाजून वीस मिनिटांनी पोहोचले. तोवर वारा उठला होता आणि पाण्यावर नुसत्या सुरकुत्या. त्यांनी बॅग उघडली, कॅमेरा काढला, दोन-चार फोटो घेतले आणि म्हणाले, "छान आहे."

तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक जपानी जोडपं थर्मासमधला चहा पीत बसलं होतं. दोघंही सत्तरीचे असावेत. आमच्याच खोलीतले. आम्ही पोहोचलो तेव्हा ते आधीपासून तिथे होते. रात्री दोनच्या सुमारास मी जागा होतो. एकदा चेन सरकल्याचा आवाज ऐकला, बाकी काही नाही.

हे मी काकांना सांगितलेलं नाही. पुण्याला परतल्यावर त्यांनी माझ्याकडून प्रतिबिंबाचा फोटो मागून घेतला. खाली माझं नाव टाकायचं का, असं विचारलं. गेल्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला: पुढच्या जुलैत जागा आहे का, आणि निघायची वेळ काय.

अजून उत्तर दिलेलं नाही.